तार शिकवली, झाड कोणी शिकवावे? : वऱ्हाडातील लाइनमनच्या शिक्षणाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #यवतमाळ

१/ मे महिन्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी गेलात तर एक दृश्य हमखास दिसते. सकाळपासून वीज बंद. रस्त्याकडेच्या कडुनिंबाला शिडी टेकलेली. वर एक माणूस, हातात कोयता. खाली दोघे दोर धरून उभे. ‘मान्सूनपूर्व देखभाल’ हे या कामाचे सरकारी नाव. आजचा धागा त्या शिडीवरच्या माणसाच्या शिक्षणाविषयी आहे.

२/ प्रश्न साधा आहे. तारेचे काम त्याला कोणी शिकवले? आणि झाडाचे काम कोणी शिकवले? पहिल्याचे उत्तर कायद्यांत, नियमांत, संस्थांत आणि प्रमाणपत्रांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधू लागलो की १८८५ सालापर्यंत मागे जावे लागते, आणि तेथून पुढे येताना एक रिकामी जागा सतत सोबत चालते. ती जागा कशी निर्माण झाली, हे क्रमाने पाहू.

३/ आपल्याकडे तार आधी निरोपासाठी आली, उजेडासाठी नंतर. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राचा प्रयोग केला, तेव्हा तार बांबूंच्या आधाराने ताणली होती. १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा आणि मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली. तार जंगलातून, शेतातून, रस्त्याच्या कडेने जाऊ लागली, आणि तिची झाडाशी गाठ पडली.

४/ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात या गाठीचा उल्लेख थेट येतो. कलम १८ सांगते की तारेजवळचे झाड संदेशवहनात अडथळा आणत असेल किंवा आणण्याचा संभव असेल, तर तार खात्याच्या अर्जावरून दंडाधिकाऱ्याने ते काढून टाकण्याचा अथवा योग्य वाटेल तशी त्याची व्यवस्था लावण्याचा हुकूम द्यावा. पुढे एक महत्त्वाची पुस्ती आहे. झाड तारेच्या आधीपासून उभे असेल तर झाडाच्या मालकाला भरपाई मिळावी.

५/ ‘झाड आधी की तार आधी?’ हा आपल्या कायद्याने विचारलेला पहिला प्रश्न. हुकूम कोणी द्यायचा हे ठरले, पैसे कोणाला द्यायचे हेही ठरले. झाड कापणारा माणूस मात्र या कलमात कोठेच नाही. त्याला काय यायला हवे, त्याने फांदी कोठून तोडावी, झाड जगेल असे पाहावे का, याविषयी एक शब्द नाही. पुढच्या सगळ्या कथेचे बीज या मौनात आहे.

६/ आता आपल्या मुलखाकडे येऊ. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, तरी नावाने निजामाचेच राहिले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, वेगळ्या हुकुमाने लागू करावे लागत. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. जुन्या ‘वणी’ जिल्ह्याचे नाव १९०५ मध्ये यवतमाळ झाले.

७/ हा कापसाचा मुलूख. कापसाचा व्यापार मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या भावांवर चाले, आणि भाव तारेने येत. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. तीच आपली ‘शकुंतला’. तार सहसा रुळांच्या किंवा सडकेच्या कडेने जाई. कारण व्यवहाराचे होते: तार तुटली तर दुरुस्ती करणाऱ्याला तेथपर्यंत पोहोचता यायला हवे.

८/ पण सडकेच्या कडेला आधीच कोणीतरी उभे होते. सार्वजनिक बांधकाम खाते आणि स्थानिक मंडळे सडकांच्या दुतर्फा कडुनिंब, वड, चिंच, आंबा लावीत, कारण बैलगाड्यांना सावली हवी. म्हणजे क्रम असा लागला: आधी सडक, मग सावली, मग तार. १८८५ च्या कायद्याच्या कसोटीवर वऱ्हाडातली सडकेची झाडे बहुधा तारेची थोरली भावंडेच ठरतात.

९/ विजेचा प्रवास वेगाने झाला. १८९७ दार्जिलिंग, १८९९ कलकत्ता, १९०५ मध्ये मुंबईची वीज व ट्राम कंपनी, १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र. या काळात १९०३ आणि मग १९१० चा भारतीय वीज अधिनियम आला. योगायोग पाहा: त्याच्याही कलम १८ मध्ये वरून जाणाऱ्या तारेचा आणि झाडाचा विषय आहे, आणि मांडणी तार अधिनियमाचीच आहे. दंडाधिकारी, अर्ज, हुकूम, भरपाई. ‘झाड’ या शब्दात झुडूप, कुंपण आणि रानवाढही धरली आहे, इतकीच भर.

१०/ येथे थोडे थांबू, कारण मला हा या विषयाचा गाभा वाटतो. तारायंत्राच्या तारेला फांदी लागली तर निरोप अडतो. विजेच्या तारेला फांदी लागली तर त्या फांदीवर हात ठेवणारा माणूस मरतो. पंचवीस वर्षांत तारेचा स्वभाव पार बदलला होता. कायद्याची भाषा मात्र निरोपाच्या काळातलीच राहिली. अडथळा तारेला होतो, इजा मालकाच्या झाडाला होते. कापणाऱ्याच्या जिवाची गोष्ट या कलमाबाहेरच राहिली.

११/ हा धोका जगाला कसा कळला? ११ ऑक्टोबर १८८९. न्यूयॉर्कच्या मॅनहटन भागात जॉन फीक्स हा तारखात्याच्या कंपनीचा लाइनमन खांबावर चढून कमी दाबाच्या तारांत काम करत होता. त्यांतली एक तार दूर कोठेतरी उच्च दाबाच्या तारेला चिकटली होती. भर दुपारी, गर्दीच्या डोळ्यांदेखत तो तारांच्या जाळ्यात मरण पावला. ‘बंद’ समजलेली तार दुसऱ्याच ठिकाणाहून जिवंत होते, हा धडा तेथे फार महागात मिळाला.

१२/ दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, सेंट लुइस येथे अमेरिकेतल्या वीज कामगारांची संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन होते, आणि १८९६ मध्ये कामावर असतानाच विजेच्या अपघातात गेले. उमेदवारीचे शिस्तबद्ध शिक्षण हा या संघटनेचा आरंभापासूनचा आग्रह होता. जे शिकलेले नाहीत ते स्वतः मरतात आणि सोबत्यालाही नेतात, हे त्यांनी पाहिले होते.

१३/ त्याच देशात झाडाचे शिक्षणही वेगळ्या वाटेने वाढत होते. ओहायो राज्यातल्या केंट गावी जॉन डेव्ही यांनी १८८० मध्ये झाडांच्या निगेचा व्यवसाय सुरू केला आणि १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक लिहिले. पुढे कामगारांसाठी शाळा काढली. १९२४ मध्ये सावलीच्या झाडांचा विचार करणारी परिषद भरली, तीच आजची वृक्षनिगा करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था. १९२८ मध्ये अ‍ॅस्प्लंड बंधूंनी तारांजवळची झाडे छाटण्यासाठीच कंपनी काढली. तार आणि झाड या दोन विद्या तेथे एका धंद्यात एकत्र आल्या.

१४/ आपल्याकडे त्या एकत्र का आल्या नाहीत? झाडाची विद्या आपल्याकडे नव्हती असे मुळीच नाही. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस पहिले वन महानिरीक्षक झाले, १८७८ मध्ये देहरादूनला वनशाळा निघाली. पण ती विद्या राखीव जंगलाच्या हद्दीत राहिली आणि तिचे लक्ष लाकडावर होते. यवतमाळचा साग किती वर्षांनी तोडावा हे वनखात्याला ठाऊक होते. सडकेवरच्या कडुनिंबाची आणि धुऱ्यावरच्या बाभळीची फांदी कशी उतरवावी, हा त्याचा विषयच नव्हता.

१५/ तारेची विद्या दुसऱ्या दाराने आली. आधी टोळीत राहून, मुकादमाच्या हाताखाली शिकायचे, हीच रीत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्यांना कामधंदा देण्यासाठी १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. त्यातूनच १९५० ची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलीतले ‘आयटीआय’, उभ्या राहिल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यांवर आणि मंडळांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले.

१६/ १९५६ हे साल यवतमाळसाठी तिहेरी महत्त्वाचे. त्या वर्षी भारतीय विद्युत नियम आले. त्याच वर्षी व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि आयटीआयचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. आणि १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. नियम, शाळा आणि राज्य, तिन्ही एकाच वर्षी बदलले. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. घराघरांत ज्याला नुसते ‘एमएसईबी’ म्हणतात, ते हेच.

१७/ १९५६ चे नियम वाचण्यासारखे आहेत. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर उंच असावी, उच्च दाबाची ६.१ मीटर. इतरत्र ११ केव्हीपर्यंतची उघडी तार ४.६ मीटर. घराच्या छतावरून जाणारी ११ केव्हीची तार ३.७ मीटर वर. तारेला हात लावण्यापूर्वी तिच्यातला भार जमिनीत उतरवावा. वीजजोडणीचे काम परवानाधारकानेच करावे. प्रत्येक अंक कोणाच्या तरी मरणातून आलेला आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

१८/ नियम ४४ तर फारच सुंदर आहे. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसे आणावे, याच्या सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत आणि जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत उपकेंद्राच्या भिंतीवर ठळकपणे लावाव्यात. उपकेंद्रातला तो चित्रांचा तक्ता आपण पाहिला असेल. कृत्रिम श्वासाच्या त्या पद्धतींचाही इतिहास आहे: १९०३ च्या सुमाराची शेफर पद्धत, १९३२ ची होल्गर नील्सन पद्धत आणि पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मान्य झालेला तोंडाने तोंडात दिलेला श्वास. अनेक लाइनमनांसाठी मराठीतले तांत्रिक शिक्षण म्हणजे आधी ही भिंतच.

१९/ आता तार गावात येते. ५ डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ एवढा काळ राज्याचे मुख्यमंत्रिपद पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांकडे होते. संकरित ज्वारी, विहिरी आणि त्यांवरचे विजेचे पंप हा त्या काळाचा ध्यास. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाले आणि खेड्यांतल्या वाहिन्यांसाठी कर्जाऊ पैसा मिळू लागला. पारस, खापरखेडा, पुढे कोराडी आणि चंद्रपूर या विदर्भातल्याच केंद्रांची वीज वावरापर्यंत पोहोचू लागली.

२०/ पंपाची तार सडकेने जात नाही, वावरातून जाते. पिकाच्या मधोमध खांब नको म्हणून तो धुऱ्यावर उभा राहतो. आणि वऱ्हाडात धुरा म्हणजे झाडांची जागा: कडुनिंब, बाभूळ, आंबा, मोह. या झाडांखाली माणसे जेवतात, बैल बांधतात, आंबा-मोह वेचून चार पैसे मिळवतात. तार धुऱ्यावर आली आणि १८८५ चा प्रश्न प्रत्येक वावरात पुन्हा उभा राहिला. या वेळी तो प्रश्न घेऊन शेतकऱ्यापुढे उभा राहणारा दंडाधिकारी नव्हता. गावचा लाइनमन होता.

२१/ विद्युतीकरणाच्या आकड्यांचीही एक गोष्ट सांगायला हवी. १९९७ पर्यंतच्या व्याख्येनुसार महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव ‘विद्युतीकृत’. एका पंपावर गाव उजळल्याची नोंद होई. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतले कोलामांचे पोड मुख्य गावापासून दूर, रानाच्या कडेला असतात. गाव कागदावर उजळले तरी पोडाला त्याचा उपयोग नव्हता. २००४ मध्ये किमान १० टक्के घरांना आणि शाळा-पंचायतीसारख्या जागांना वीज असावी, अशी नवी व्याख्या झाली. पोडापर्यंत वाहिनी न्यायची म्हणजे पुन्हा झाडांतून जाणे आलेच.

२२/ जंगलातून तार नेण्याचे नियम वेगळे आणि बरेच काटेकोर आहेत. १९८० च्या वन संवर्धन अधिनियमाखालच्या मार्गदर्शक सूचनांत ११ केव्ही वाहिनीसाठी ७ मीटर रुंदीचा पट्टा धरला आहे, ३३ केव्हीसाठी १५, १३२ साठी २७, २२० साठी ३५ मीटर. तार आणि फांदी यांत ११ केव्हीला किमान २.६ मीटर आणि ३३ केव्हीला २.८ मीटर अंतर हवे. टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन अभयारण्ये ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे हे आकडे कागदापुरते राहत नाहीत.

२३/ जंगलाबाहेर १९६४ चा झाडतोड विनियमन अधिनियम आहे. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशी अनुसूचीतली झाडे परवानगीविना तोडता येत नाहीत. नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा नागरी वृक्ष अधिनियम आणि त्याचे वृक्ष प्राधिकरण. म्हणजे १८८५ पासून आजवर झाडाविषयी पाच-सहा कायदे झाले. परवानगी, भरपाई, दंड, रुंदी, अंतर, सारे आले. कसे कापावे हे शिकवण्याची जबाबदारी यांतल्या एकानेही कोणावर टाकली नाही.

२४/ माझा एक शाळासोबती यवतमाळात वीजतंत्री या व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आज तारेच्या कामावर आहे. मी त्याला विचारले, फांद्या कापायला कोणी शिकवले? तो हसला. म्हणाला, ‘पुस्तकात तार होती गा, झाड कुठं होतं? पहिल्या पावसाळ्यात उस्तादानं वर चढवलं आन् खालून सांगत गेला.’ एका वाक्यात त्याने माझ्या प्रबंधाचे प्रकरण मांडले.

२५/ त्याच्या अभ्यासक्रमात काय होते? ओहमचा नियम, तारांचे सांधे, घरातली जोडणी, मोटारीचे गुंडाळे, रोहित्र, भूसंपर्कन, खांब, इन्सुलेटर, वरून जाणाऱ्या वाहिन्या. सारे आवश्यक. ज्यांच्या नावांनी तारांची जाडी ओळखली जाते ते प्राणीही त्याला पाठ आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. खार, वीझल, ससा आणि कुत्रा तारेत आले. ज्या झाडावर खार राहते ते झाड तेवढे राहून गेले.

२६/ झाडात शिकण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. आहे. शेंडा सपाट छाटला की झाड घाबरल्यासारखे वागते. झोपलेले डोळे जागे होतात आणि छाटाच्या कडेने सरळ, जोमदार फुटवे निघतात. ते मूळ फांदीपेक्षा वेगाने वाढतात आणि त्यांची पकड वरवरची असते. दोन-तीन पावसाळ्यांत तेच फुटवे पुन्हा तारेला भिडतात, आणि वादळात आधी तेच मोडतात. सुबाभूळ याचे सर्वांना दिसणारे उदाहरण. चुकीची छाटणी पुढच्या वर्षीचे काम वाढवून ठेवते.

२७/ अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती भिंती घालून कूज अडवते. फांदी खोडाला मिळते तेथे जो फुगीर गळा असतो, त्याच्या बाहेर काप घेतला तर ही भिंत नीट उभी राहते. गळ्यातून कापले तर कूज खोडात शिरते. जड फांदी तीन कापांत उतरवायची: आधी खालून अर्धवट, मग थोडे पुढे वरून, आणि शेवटी उरलेले ठूठ गळ्याशी. साल फाटत नाही, फांदी अंगावर येत नाही.

२८/ तारेजवळ याला आणखी एक जोड लागते. यवतमाळच्या मेमधल्या उन्हात तार प्रसरण पावून तिचा झोल वाढतो, वादळात ती हेलकावते, पावसात फांदी वाढते आणि ओली होते. म्हणून आज दिसणारे अंतर खरे नसते. उद्याचे धरून छाटावे लागते. ‘लाइन क्लिअर’ मिळाला तरी कोणाच्या जनित्रातून वीज उलट येऊ शकते, म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडावी लागते. १८८९ चा फीक्सचा धडा हाच होता. तार आणि झाड, दोन्ही एकाच वेळी कळलेला माणूस येथे हवा.

२९/ २००३ चा वीज अधिनियम आला. कलम ६८ मध्ये कार्यकारी दंडाधिकारी, अर्ज, हुकूम आणि आधीच्या झाडाला भरपाई, म्हणजे १८८५ चीच रचना. २०१० च्या सुरक्षा विनियमांत कामगाराला द्यायच्या साधनांची नावे होती: हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, भूसंपर्काची साधने, शिरस्त्राण, टेस्टर, दोर आणि तत्सम. यादी चांगली आहे, आणि ती हातात पडली पाहिजे यासाठी भांडायलाच हवे. पण ती तारेवरच्या माणसाची यादी आहे. झाडावर चढण्याची आणि करवतीची साधने ‘तत्सम’ या शब्दात शोधावी लागतात.

३०/ ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कामाला लागली. पदांची नावे बदलली. मदतनीस आणि लाइनमन यांच्या जागी विद्युत सहायक, तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रधान तंत्रज्ञ आले; गावासाठी ‘जनमित्र’ हे नाव आले. वाट साधारण अशी: दहावी, दोन वर्षे वीजतंत्री किंवा तारतंत्री, शिकाऊ उमेदवारी, मग विद्युत सहायक म्हणून ठरावीक वर्षे आणि त्यानंतर तंत्रज्ञ. त्यांच्या बाजूला कंत्राटी कामगारही त्याच शिडीवर चढतात. २०२१ पासून ४ मार्च हा ‘लाइनमन दिवस’ म्हणून साजरा होतो. सन्मान उशिरा का होईना, आला.

३१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने उपाय सांगू नयेत, असे आमचे सर म्हणतात. तरी कागद वाचताना एक गोष्ट उघड दिसते. यवतमाळात आयटीआय आहे. सागाचे जंगल आणि ते राखणारे वनखाते आहे. शेजारी अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तार, जंगल आणि फळबाग या तिन्ही विद्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत नांदतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात चार आठवडे झाडासाठी काढले, आणि कडुनिंबाच्या एका खऱ्या फांदीवर तीन काप करवून घेतले, तर १८८५ ची रिकामी जागा भरू लागेल.

३२/ ज्यांना या वाटेने जायचे आहे अशा धाकट्या मित्रमैत्रिणींसाठी एवढेच: प्रमाणपत्र घ्याच, पण झाड वाचायलाही शिका. शहरांत दोरावर चढून झाडांची निगा राखणाऱ्यांना आता मागणी आहे, आणि तारेजवळ तेच काम करू शकणारे हात फार थोडे आहेत. ज्याला दोन्ही येते, त्याच्या जिवाची शाश्वती वाढते आणि त्याच्या कामाची किंमतही.

३३/ शेवटी पुन्हा त्या शिडीकडे. पुढच्या वेळी सकाळी वीज गेली आणि कडुनिंबावर कोणी चढलेले दिसले, तर ‘लाइन केव्हा येणार?’ हे विचारण्याआधी क्षणभर वर पाहा. एकशे चाळीस वर्षे कायदा झाडाचा मालक आणि तारेचा मालक यांच्याशीच बोलत आला आहे. या दोघांच्या मधोमध, फांदीवर पाय रोवून, तो उभा आहे.

३४/ आपल्या घरात कोणी जुन्या मंडळात लाइनमन, मदतनीस किंवा वायरमन होते का? त्यांना झाडाचे काम कोणी शिकवले, हे विचारून खाली अवश्य लिहा. व्यक्तीचे नाव नको. तालुका आणि साल पुरे. हा इतिहास अजून बराचसा माणसांच्या आठवणीतच आहे, आणि ती माणसे निवृत्त होत आहेत.

(धागा समाप्त)